बाबांची ०७० चेनसॉ: दुरुस्त करू की नको, आणि सुटे भाग कुठे शोधू?

ऐनाचं_पान

नमस्कार मंडळी. आम्ही देवरूखजवळचे. परवा माळा आवरताना गोणपाटात बांधलेली एक जुनी चेनसॉ सापडली. बाबा लाकडाची ठेकेदारी करायचे तेव्हाची, श्टिल कंपनीची ०७०. वखार बंद होऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांना दाखवली तर तिच्यावरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "साग कापलान, ऐन कापलान, कधी रुसली नाही."

आजची अवस्था अशी: दोरी ओढली तर इंजिन फिरतं, पण दाब नरम लागतो. सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर पिस्टनवर त्या बाजूला उभे ओरखडे आहेत. कार्ब्युरेटर उघडला, आतला डायफ्राम (पातळ रबरी पडदा) वाळलेल्या पापडासारखा झालाय. प्लगला ठिणगी नाही. इथले कटरवाले म्हणतात, भंगारात घाल आणि नवीन मशीन घे.

मला ती पुन्हा चालू झालेली हवी आहे, आणि बाबा आहेत तोवर हवी आहे. प्रश्न दोनच. दुरुस्ती करण्याजोगी आहे का? आणि रिंगा, ऑइल सील, डायफ्राम या गोष्टी कुठे शोधू? दुचाकीचं टू-स्ट्रोक इंजिन उघडून बसवलेलं आहे, चेनसॉ पहिल्यांदाच.

दर्यासारंग

भंगारात घालू नका, हात जोडून सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धनला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी बघितली आणि खाली बसलो. सुपारी आडवी, नारळ आडवे, आंब्याचा जुना वृक्ष मुळासकट विहिरीवर. रस्ता बंद, वीज बंद, फोन बंद. आळीत तीन नवीन मशिनं होती, त्यातली दोन आठवड्याभरात बसली, कारण बागेतल्या फांद्या तोडायची मशिनं आम्ही चार फुटी बुंध्यावर चालवत होतो. शेवटी शेजारच्या गावातून एक म्हातारी ०७० आली. दोन माणसं आळीपाळीने चालवायची. विहिरीवरचा आंबा तिने कापला.

तुमच्या मशीनला भविष्य आहे.

नवखा_सुतार

वाचतोय. वाचनखूण साठवली.

लेथवाला_कोल्हापूर

भावा, सगळ्यात आधी व्हर्निअर घे. पार्टचं नाव नंतर, माप आधी.

श्टिलच्या पार्ट नंबरचे पहिले चार आकडे म्हणजे मशीनची मालिका. ०७० आणि ०९० दोघींची मालिका ११०६. ०४१ ची १११०, ०३१ ची १११३. नंबर ०००० ने सुरू होत असेल तर तो पार्ट अनेक मॉडेलांना सामाईक असतो, म्हणजे सापडायची शक्यता जास्त. पण ११०६ बघून लगेच ऑर्डर टाकू नको. ०७० चा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ५८ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ४०, म्हणजे सुमारे १०६ सीसी. ०९० चा स्ट्रोक तोच, पण बोअर ६६, म्हणजे १३७ सीसी. दोन्ही मशिनं बाहेरून सख्ख्या बहिणी. माझ्याकडे एकजण ०७० साठी ६६ चा पिस्टन घेऊन आला होता, ऑनलाइन विकणाऱ्याने "०७०/०९० दोन्हीला चालतो" असं लिहून विकला होता. पैसे परत मिळायला दीड महिना गेला.

आता मशीन तपास. दोरीच्या मुठीला धरून मशीन जमिनीपासून वीतभर वर उचल. ११ किलोच्या आसपास वजन आहे, पाय खाली ठेवू नको. हळूहळू अडखळत खाली आली तर रिंगांत अजून जीव आहे. सपकन आली तर रिंगा गेल्या. डीकॉम्प्रेशनचा (दोरी ओढताना दाब सोडणारा) व्हॉल्व्ह बंद आहे ना ते आधी बघ, नाहीतर चांगली मशीनपण सपकन येईल.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच दुकानात सांगायचा. ६२०१, ६२०२ असले नंबर स्कूटरपासून पंख्यापर्यंत सगळीकडे चालतात. बेअरिंग घेताना सी३ मागून घे, गरम इंजिनाला थोडी सैल बेअरिंग लागते. ऑइल सीलला तीन मापं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्या सीलवर पुसट झाली असली तरी भिंगातून वाचता येतात. नाहीच दिसली तर शाफ्ट मोज, खाच मोज. ही मापं घेऊन मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जा, नाहीतर आमच्या उद्यमनगरात ये. श्टिल म्हटलं की दुकानदार "नाही" म्हणतो. माप सांगितलं की तोच माणूस मागे वळून डबा काढतो.

पॅकिंग विकत घेऊ नको. पॅकिंगचा कागद आण, इंजिनाच्या केसवर, म्हणजे कवचावर ठेव, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोक. कडेवर आपोआप कापला जातो. बाबांना विचार, त्यांनी असंच केलं असणार.

मेपलकाका

लेथवाला, माप आधी हे अगदी खरं.

ऐनाचं_पान, तू नशीबवान आहेस. ०७० ही दुर्मिळ मशीन नाही. तिच्या नकला आजही चीनमध्ये बनतात, त्यामुळे सिलेंडर, पिस्टन, कार्ब्युरेटर, स्टार्टर सगळं नवीन मिळतं. खरी शोधाशोध काय असते ते माझ्याकडे आहे.

मी व्हरमाँटमध्ये राहतो. अकरा वर्षांपूर्वी घर घेतलं त्याच्या शेडमध्ये होमलाइट एक्सएल-१२ पडलेली होती. साठच्या दशकातलं मॉडेल. १२ म्हणजे बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन वगळून १२ पौंड वजन, त्या काळात ही जाहिरात करण्यासारखी गोष्ट होती. ५४ सीसी. चेनला तेल द्यायला अंगठ्याने दाबायचं बटण. आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल चूल पेटलेली असते, त्यामुळे लाकूड हा माझा छंद नाही, गरज आहे.

होमलाइट टेक्स्ट्रॉनच्या मालकीची होती. १९९४ मध्ये जॉन डिअरने घेतली, पुढे त्यांनीही ती विकली. प्रत्येक हस्तांतरणात जुन्या मॉडेलांचे सुटे भाग मागे पडत गेले. मला इग्निशन कॉइल मिळायला सात महिने लागले. शेवटी काय केलं, तर गॅरेज सेलमध्ये अजून दोन मेलेल्या एक्सएल-१२ घेतल्या. एकीची कॉइल, दुसरीचं स्टार्टर. माझी बायको त्यांना "अवयवदात्या" म्हणते. एखादं मॉडेल बाजारातून पूर्ण गेलं असेल तर हाच मार्ग: चालती एक आणि दात्या दोन.

पण एक गोष्ट या अकरा वर्षांत शिकलो. चेनसॉवर नाव एका कंपनीचं असलं तरी आतले सगळे भाग तिचे नसतात. माझा कार्ब्युरेटर टिलट्सनचा एचएस. तोच टिलट्सनने कितीतरी ब्रँडना दिला, म्हणून त्याचा डायफ्राम-गास्केट संच आजही आठवड्यात घरी येतो. तुझ्या कार्ब्युरेटरच्या अंगावर टिलट्सन किंवा वॉलब्रो असं नाव आणि मॉडेल कोरलेलं असेल. तो नंबर शोध, चेनसॉचा नाही. रिंगांचंही तसंच: व्यास आणि जाडी जुळली आणि रिंगेच्या तोंडाशी येणारी पिस्टनमधली खुंटी जुळली, की रिंग कोणत्या मशीनसाठी बनवली होती याने फरक पडत नाही. कॅबर नावाची इटालियन कंपनी नुसत्या मापांवर रिंगा देते.

ऐनाचं_पान

इतकी माहिती एका रात्रीत! आभार.

कार्ब्युरेटरवर टिलट्सन एचएल असं दिसतंय. मुठीला धरून उचलली. सपकन खाली आली. लेथवाला दादा, पाय बाजूला ठेवायला सांगितलंत ते बरं केलंत. ५८ बरोबर आहे, मोजलं.

आता सिलेंडर काढून पाहिलं. पिस्टन खराब आहेच, पण सिलेंडरच्या भिंतीलाही चंदेरी पट्टे चिकटलेत. नखाला लागतात. सिलेंडरपण गेला का?

फिरकी

बहुतेक नाही गेला. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून चिकटलेलं असतं. बाथरूम साफ करायचं ॲसिड कापसाच्या काडीने लाव, फेस येईल, पुसून काढ, पुन्हा लाव. इंटरनेटवर सगळे हेच करतात.

क्षार_आणि_आम्ल

थांबा, थांबा. फिरकी, ही सूचना जुन्या सिलेंडरसाठी धोक्याची आहे.

ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ॲल्युमिनियम खातं हे खरं. पण जुन्या चेनसॉंच्या सिलेंडरला आतून बहुधा हार्ड क्रोमचा मुलामा असतो, आणि हायड्रोक्लोरिक क्रोमही खातं. आमच्या प्लेटिंगच्या कारखान्यात खराब झालेला क्रोम उतरवायला हेच वापरतात! नव्या मशिनांत निकासिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, तो ॲसिडसमोर बराच टिकतो. इंटरनेटवरचा सल्ला बहुतेक त्या सिलेंडरांचा आहे.

क्रोमवर कॉस्टिक सोडा वापरायचा. तो ॲल्युमिनियम विरघळवतो, क्रोमला हात लावत नाही. पण सिलेंडरचं अंग आणि पोर्टच्या (सिलेंडरमधल्या वायूच्या झरोक्यांच्या) कडा उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात, तिथे थेंब गेला तर तेही खाईल. म्हणून पातळ द्रावण, कापसाची काडी, फक्त पट्ट्यावर, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुणे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय नाही. उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, आसपास विडी-काडी नको. डोळ्यात कॉस्टिक गेलं तर ॲसिडपेक्षा वाईट.

पट्टा गेल्यावर खालचा मुलामा गुळगुळीत आणि अखंड असेल तर सिलेंडर वाचला. मुलामा सोलून खालचं मऊ ॲल्युमिनियम दिसत असेल तर नवीन घ्यावाच लागेल. क्रोमचा सिलेंडर बोअर वाढवून वापरता येत नाही, मुलामा केसाएवढाच जाड असतो.

फिरकी

हे मला माहीत नव्हतं. माझी सूचना मागे घेतो. गेल्या वर्षी मित्राच्या मशीनवर मी ॲसिडच वापरलं होतं, उद्याच त्याचा सिलेंडर उघडून बघतो.

लेथवाला_कोल्हापूर

क्षार साहेब, एक नंबर. यात एवढंच घालतो: नवीन रिंग आली की पिस्टनवर चढवायच्या आधी नुसती सिलेंडरमध्ये टाक, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकल, आणि तोंडातली फट फीलर गेजने मोज. बोअरच्या प्रत्येक २५ मिमीला साधारण ०.१ मिमी फट हवी. ५८ ला पावच्या आसपास, ०.२३ म्हण. फट नसली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलेंडर फाडतात. नकली संचात हे मोजल्याशिवाय बसवायचं नाही म्हणजे नाही. पोर्टच्या कडाही बोटाने तपास. नकली सिलेंडरच्या पोर्टना धार असते, ती बारीक दगडाने मोडावी लागते.

आणि केसला कुठे चीर असेल तर ॲल्युमिनियम समजून वेल्डिंगला देऊ नको. या मशिनांचे केस मॅग्नेशियमचे असतात. शंका असेल तर रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाक. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर नाही. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

आजीची_गोधडी

मी मशीनमधलं काही समजत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा मोठा भाऊ राजापूरला अशाच जुन्या मशीनने फणसाची फांदी कापत होता. बारचं टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागलं आणि मशीन उसळून त्याच्या अंगावर आली. खांद्याला २२ टाके. हात वाचला, पण तो हात आता डोक्याच्या वर जात नाही. नंतर दुकानदाराने सांगितलं की नवीन मशीनला साखळी जागच्या जागी थांबवणारा ब्रेक असतो. त्याच्या मशीनला नव्हता.

तुमच्या या मशीनला तो ब्रेक आहे का? बाबांसाठी चालू करताय ते पोचलं. पण चालवणार कोण, आणि काय घालून?

मेपलकाका

ताई, तुम्ही विचारलंत ते फार योग्य केलंत. ०७० ला चेन ब्रेक नसतो, माझ्या एक्सएल-१२ लाही नाही. उसळी येते ती बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की. त्या वेळी साखळीचा दात कापत नाही, अडकतो, आणि सगळा जोर मशीन मागे फेकण्यात जातो. विचार करायला वेळच मिळत नाही.

माझे नियम सांगतो. ब्रेक नसलेल्या मशीनने जमिनीवर पडलेलं खोडच कापायचं, तेही टोक मोकळं ठेवून. फांद्या छाटायला, शिडीवर, खांद्याच्या वर कधीच नाही. डावा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळलेला. हेल्मेट, जाळी, कानाला संरक्षण, आणि पायांना चेनसॉची खास पँट. तिच्यातले धागे साखळीत गुंततात आणि साखळी थांबते. एक सांगायला हवं: ०७० सारख्या ताकदीच्या मशीनसमोर ती पँट हमखास थांबवेलच असं नाही. पाय मार्गात नसणं हेच खरं.

वर्षा_गोथेनबर्ग

आजीची_गोधडी यांना अनुमोदन. इथे स्वीडनमध्ये व्यवसाय म्हणून चेनसॉ चालवायला परवाना लागतो, प्रशिक्षण आणि परीक्षा असते. मी हौस म्हणून ते प्रशिक्षण घेतलं. पहिले कित्येक तास मशीन सुरूच केली नाही, नुसतं उभं कसं राहायचं, झाड कुठे झुकलंय ते कसं पाहायचं.

आमच्या शहराच्या पूर्वेला यॉन्सेरेद नावाचं गाव आहे, त्याच नावाच्या लाल चेनसॉ तिथूनच आल्या. ब्रँड आता बंद झाला. हुस्कवार्ना या इथल्याच कंपनीची पहिली चेनसॉ १९५९ ची, आणि हुस्कवार्ना गावात जुन्या कारखान्यात संग्रहालय आहे, बंदुकांपासून शिवणयंत्रं, मोटारसायकली, चेनसॉ सगळं. कुणी या बाजूला आलं तर नक्की बघा. मी तिथे तीन तास होते, नवरा बाहेर कॉफी पीत बसला होता.

कामाची गोष्ट: इथे लहान इंजिनांसाठी अल्किलेट पेट्रोल मिळतं. इथेनॉल नाही, वास जवळजवळ नाही. मशीन वर्षभर पडून राहिली तरी डायफ्राम मऊ राहतो.

ऐनाचं_पान

आजीची_गोधडी ताई, मी चालवणार, आणि फक्त पडलेल्या लाकडावर. शब्द देतो. हेल्मेट आणि पँट मशीनच्या आधी मागवतो.

वर्षाताईंनी पेट्रोलचा विषय काढला म्हणून विचारतो: आपल्याकडे पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुन्या मशीनला चालेल का? आणि तेल किती?

दर्यासारंग

१ लिटरला ४० मिली. बोटीच्या इंजिनाचं टू-टी घाल, आमच्याकडे सगळे तेच घालतात.

लेथवाला_कोल्हापूर

४० मिली चालेल, पण बोटीचं तेल नको. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं. चेनसॉ हवेवर थंड होते, कितीतरी जास्त तापते. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं घे.

दर्यासारंग

मान्य. मी पाच वर्षं बोटीचंच घालतोय आणि सायलेन्सर दर पावसाळ्यात कोळशाने तुंबतो. आता कळलं का ते.

क्षार_आणि_आम्ल

ई२० बद्दल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि तळातून ओढणाऱ्या नळीला बिनतेलाचं द्रव मिळतं. मग पिस्टनवर पुन्हा तेच ओरखडे. दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. एच स्क्रू (कार्ब्युरेटरवरचा, पूर्ण वेगाचं मिश्रण ठरवणारा) थोडा बाहेर घ्यावा लागेल.

उपाय सोपा: जेवढं लागेल तेवढंच पेट्रोल कालवा. काम संपलं की टाकी रिकामी करा, मग इंजिन सुरू करून कार्ब्युरेटरही कोरडा होऊन बंद पडू द्या. नळी नवीन घालताना इथेनॉल सोसणारी घ्या, टायगॉन नावाने मिळते.

हाडवैद्य

मी डॉक्टर आहे, हौशी मेकॅनिकही. दोन गोष्टी.

एक, जुन्या चेनसॉंना कंपन शोषणारे रबर नसतात. वर्षानुवर्षं रोज चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, पुढे पकड जाते. बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, आणि गेलेलं बरेचदा पूर्ण परत येत नाही. तुमच्या बाबांना विचारा, आणि असेल तर डॉक्टरांना दाखवा. हौसेने चालवणाऱ्याने दहा-पंधरा मिनिटांनी थांबावं.

दोन, सील बसवल्यावर हवा गळते का ते तपासायला महागडं उपकरण नको. रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र घ्या, फुगा आणि घड्याळवालं. सायलेन्सरची आणि कार्ब्युरेटरची तोंडं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बंद करा, प्लगच्या जागी जुन्या प्लगला भोक पाडून नळी जोडा आणि २५० पर्यंत हवा भरा. काटा मिनिटभर जागचा हलला नाही तर उत्तम. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. हे न करता चालू केलेली मशीन म्हणजे टाके न तपासता घरी पाठवलेला पेशंट.

मेपलकाका

डॉक्टर, हे बीपीच्या यंत्राचं फार आवडलं! उद्याच करून बघतो. एक पुस्ती: सीलचा ओठ, म्हणजे आतली कडा, आतून दाब दिल्यावर शाफ्टला घट्ट बसतो आणि गळती लपते. त्यामुळे उलट बाजूनेही, म्हणजे हवा ओढून, तपासायला हवं. मोटारीच्या ब्रेकमधली हवा काढायचा हातपंप असतो, तो चालतो.

ठिणगीबद्दल कुणी बोललंच नाही. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क) असतील तर आधी फ्लायव्हील काढून पॉइंट स्वच्छ कर. वीस वर्षांत त्यांवर राप चढतो. बारीक पॉलिश पेपर, मग कोरा कागद मध्ये धरून ओढायचा. फट ०.३५ ते ०.४ मिमी. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या मधली फट जुन्या पोस्टकार्डाएवढी. निम्म्या मशिनांत एवढ्यानेच ठिणगी येते. कंडेन्सर मेला असेल तर भारतात तुला लुनाचा किंवा जुन्या स्कूटरचा मिळेल, क्षमता जवळपास सारखीच असते. बाहेर बसवून वायर आत नेली तरी चालतं.

रानातली_वाट

अवांतर, पण राहवत नाही. चेनसॉच्या साखळीचा आजचा दात एका अळीवरून आलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या ओरेगनच्या जंगलात एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना बघत बसला. अळीचे जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालत होते, रेषा उभी असो की आडवी. त्याने तसे डावे-उजवे दात साखळीवर बसवले आणि १९४७ मध्ये विक्री सुरू केली. आज ज्या ओरेगन साखळ्या मिळतात ती हीच कंपनी. त्याआधीचे दात हातकरवतीसारखे टोचणारे होते, सतत धार लावावी लागे.

नवखा_सुतार

हे भन्नाट आहे. आमच्या पाटातल्या भुंगेऱ्यांकडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

मेपलकाका

अवांतरात माझीही भर. मॅक्युलॉक चेनसॉवाले रॉबर्ट मॅक्युलॉक यांनीच १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेतला आणि दगड-दगड क्रमांक घालून ॲरिझोनाच्या लेक हवासू सिटीत उभा केला. मी बघून आलोय. पुलावर उभा राहून मी मॅक १०-१० या त्यांच्या चेनसॉच्या क्लचचा विचार करत होतो.

वनविभाग_मित्र

एक आठवण करून देतो. पडलेलं लाकूड ठीक, पण उभं झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आंबा, फणस, साग, ऐन, जांभूळ अशा अनुसूचित झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते. मशीन चालू झाली की शेजारी बोलवायला लागतील, तेव्हा हे लक्षात असू द्या.

ऐनाचं_पान

मंडळी, सात आठवड्यांनी येतोय.

कॉस्टिकने पट्टे गेले, खालचा मुलामा अखंड निघाला. सिलेंडर जुनाच ठेवला! पिस्टन-रिंगा नकली संचातल्या. रिंगेची फट ०.१५ भरली, बारीक कानसीने ०.२३ केली. लेथवाला दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर तशीच बसवली असती. ऑइल सील नागदेवीत दुसऱ्याच दुकानात मिळाले, नुसतं माप लिहिलेला कागद पुढे केला. डायफ्रामचा संच एचएल नंबरवर आला. ठिणगी नुसत्या पॉइंट साफ करण्याने आली, मेपलकाका. पॅकिंग बाबांनी ठोकून दिलं. हातोडी हातात घेतल्यावर त्यांची बोटं थरथरत होती, कागदावर टेकल्यावर थांबली.

आणि डॉक्टर, विचारलं त्यांना. हिवाळ्यात डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडतात म्हणाले, बरीच वर्षं. आम्हाला कधी बोलले नाहीत. रत्नागिरीला दाखवून आणलं, औषध सुरू आहे, आणि थंडीत हातमोजे घालायला लावतोय.

मशीन काल सुरू झाली. अकराव्या ओढीला. परसात वादळात पडलेलं फणसाचं खोड होतं, ते कापलं. लाकडाबाहेर पूर्ण वेगात ती गुरगुरल्यासारखी, तुटक आवाज करते. मला वाटलं बिघडलंय, एच स्क्रू आत घ्यायला गेलो. पडवीत बसलेले बाबा ओरडले, "हात लावू नको. लाकडात शिरल्यावर बघ." लाकडात शिरली आणि आवाज एकदम साफ झाला.

मेपलकाका

तो तुटक आवाज म्हणजे मिश्रण थोडं दाट आहे, जोर आला की बरोबर होतं. असंच हवं. बाबांनी कानाने सांगितलं ते मी टॅकोमीटर लावून शिकलो. त्यांना माझा नमस्कार सांग.

आजीची_गोधडी

पँट घातली होती का?

ऐनाचं_पान

हो ताई, पँट, हेल्मेट, बूट, सगळं. आईने फोटो काढलाय, टाकतो.

एक शेवटचं राहिलं. साखळी पार बोथट आहे, दात संपत आलेत. नवी कोणती मागू? दुकानदार बारची लांबी विचारतो, पण बारवरचे आकडे पुसले गेलेत.

लेथवाला_कोल्हापूर

लांबी पुरत नाही. तीन गोष्टी लागतात. पिच: लागोपाठच्या तीन रिव्हेटांतलं अंतर मोज, दोनने भाग. १०.३ मिमीच्या जवळ आलं तर .४०४, साडेनऊला ३/८. गेज: बारच्या खाचेत शिरणाऱ्या पात्याची जाडी, व्हर्निअरने. १.६ मिमी म्हणजे .०६३. आणि ती पाती एकूण किती आहेत ते मोज, खडूने खूण करून, दोनदा.

जुनी साखळी ओरेगनची असेल तर पात्यावर आकडा ठोकलेला असतो. २७ असेल तर .४०४ आणि .०६३. ७५ असेल तर ३/८ आणि .०६३. धार लावायला दोन्हीला साडेपाच मिमीची गोल कानस.

ऐनाचं_पान

२७ दिसतंय, आणि पाती ६८. दोनदा मोजली. बाबांनी तिसऱ्यांदा मोजली, ६८ च.